मार्लिंगफर्डचे पांढरे हातमोजे

अँब्रोज पेलोने उभ्या आयुष्यात असंख्य हातमोजे शिवले, पण माप न घेता शिवलेला जोड हा एकच. गिल्बर्ट हॅदरलीचा हात त्याला पाठ होता. निवडणुकांच्या दिवसांत त्याच्या जोडीने तो मार्लिंगफर्डच्या गल्लीबोळांतून मतं मागत फिरला होता. गिल्बर्ट आधी वकील, मग खासदार आणि आता न्यायमूर्ती. फिरत्या कोर्टाबरोबर तो प्रथमच आपल्या गावी येत होता, आणि गावाचा मेयर होता पेलो.

फिरतं कोर्ट यावं आणि खटला चालवायला तुरुंगात एकही कैदी नसावा, तर गावाने न्यायमूर्तींना पांढरे हातमोजे द्यायचे, अशी जुनी रीत. मार्लिंगफर्ड हातमोजे शिवणाऱ्यांचंच गाव, पण पेलोच्या बापाच्या हयातीतही हा योग आला नव्हता. या उन्हाळ्यात तो अगदी हाताशी आला आणि आडवा आला एकटा जोब लार्कम.

जोब गाडीवान. बड नावाच्या शेतकऱ्याची गवताची गंजी पेटवल्याच्या आरोपावरून तो ईस्टरपासून आत होता. तोंडाने महा फटकळ. एका प्रचारसभेत त्याने गिल्बर्टला कोबीचा गड्डा फेकून मारला होता आणि वर ओरडला होता, "फी घेतल्याशिवाय कधी तोंड उघडलंयस का रे?" असल्या माणसाने हिवाळ्यातल्या कोर्टापर्यंत आतच दिवस काढले तर कुणाचं काय बिघडतं, असं पेलोला वाटलं. त्याने दंडाधिकाऱ्यांच्या कानात दोन शब्द घातले. जोबचे कागद तयार नाहीत, म्हणून या कोर्टापुढे त्याचा खटला येणार नाही, असं ठरलं. दोस्तासाठी माणूस काय काय करतो!

गिल्बर्ट आला तो तुतारीवाले, भालेवाले, लाल झगा, केसांचा टोप अशा थाटात. पण चर्चमधून कोर्टाकडे जाताना त्याच्यातला खासदार काही गप्प बसेना. हिची दमेकरी आई कशी आहे, त्याचा घोडा लंगडतो का, असं विचारत तो दर चार पावलांवर बग्गी थांबवायचा. शेजारी बसलेल्या पेलोला हसू येत होतं. मांडीवर हातमोज्यांची पेटी होती. तेवढ्यात गर्दीत, फडक्याने झाकलेली थाळी घेऊन उभी असलेली जोबची बायको गिल्बर्टला दिसली.

"हेस्टर, तुझ्या जोबचा आवाज आज कसा नाही? गेला कुठे तो?"

"तुरुंगात आहे, साहेब. ईस्टरपासून. तिकडेच चाललेय." ती पुढे बोलणार, तोच गिल्बर्टने हात वर केला.

"बाई, खटल्याचं एक अक्षरही मला इथे सांगू नकोस. ऐकलं तर मला न्यायासनावर बसता येणार नाही."

पुढच्या वाटेवर त्याने बग्गी कुठे थांबवली नाही. पेलोने मांडीवरची पेटी घट्ट धरली.

कोर्टात कारकुनाने कैदी नसल्याचं जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. पेलो पेटी घेऊन उठला, पण गिल्बर्टने आधी तुरुंगाधिकाऱ्याला विचारलं की खटल्याची वाट पाहणारा कुणी आत आहे का. त्याने बिचाऱ्याने पेलोकडे पाहिलं. पेलोला खोटं बोलता आलं असतं, पण समोर गिल्बर्ट होता.

"एक आहे, मायलॉर्ड. त्याला मागे ठेवायला मीच सांगितलं. आपल्याला हा मान मिळावा म्हणून."

"मला इथे तुरुंग रिकामा करायला पाठवलंय, मिस्टर पेलो," गिल्बर्ट म्हणाला. "तो रिकामा दिसावा म्हणून नाही."

मिस्टर पेलो. शाळेपासूनच्या ओळखीत त्याने ही हाक कधी मारली नव्हती.

ईस्टरपासून तयार न झालेले कागद जेवणाच्या सुट्टीपर्यंत तयार झाले. जोबला वकील नव्हता, म्हणून न्यायमूर्तींनीच बडला प्रश्न विचारले. जुना वकील तो, आवाज न चढवता विचारत गेला. तोंड पाहिलं का? नाही, पाठ पाहिली. मग ओळखलं कसं? बड चाचरला आणि म्हणाला, "दुसरं कोण असणार, मायलॉर्ड? गावात त्याच्याइतकं उर्मट कुणी बोलत नाही."

"त्याच्या बोलण्याचा अनुभव मलाही आहे," गिल्बर्ट म्हणाला. "पण ज्याचं तोंड चालतं त्याचाच हात चालला असेल, असं कायदा म्हणत नाही."

ज्यूरीच्या पंचांनी जागेवरून न उठताच जोबला निर्दोष सोडलं. पेलोला आपल्या मित्राचा असा अभिमान वाटला की लाज क्षणभर विसरली. संध्याकाळी तो पेटी घेऊन त्याच्या बिऱ्हाडी गेला.

"आता तरी घे, गिल्बर्ट. तुरुंग खरंच रिकामा झालाय."

गिल्बर्टने हातमोज्यांच्या शिवणीवरून बोट फिरवलं. काम सुरेख होतं. त्याने पेटी मिटली.

"हेस्टर भेटली नसती तर मी हे आनंदाने घालून मिरवलो असतो, मिस्टर पेलो. मला त्याचीच भीती वाटते. आधी जोबकडे जा. मग इथे जेवायला ये."

जोबने दार उघडलं आणि म्हणाला, "काय मेयरसाहेब, माझ्या हाताचं माप घ्यायला आलात?" मग त्याने पेलोला जे काही सुनावलं, ते अख्ख्या आळीने खिडक्या उघडून ऐकलं. पेलो टोपी हातात धरून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. जोब दमला तेव्हा पेलोने माफी मागितली. जोब म्हणाला, "मागा खुशाल," आणि दार लावून घेतलं.

पेलो परत आला तेव्हा मटण गार झालं होतं. गिल्बर्ट त्याला हात न लावता वाट पाहत बसला होता.

"सगळं ऐकून घेतलंस?"

"सगळं."

गिल्बर्टने शेजारची खुर्ची ओढली.

"बस, अँब्रोज," तो म्हणाला.