बरणीतलं स्पिरिट

शेडची किल्ली कायम थोरलीच्या कमरेला असायची. ती आता राहते की जाते, या धास्तीने तिची झोप उडाली होती. रोपवाटिका सासऱ्यांची, पण थंडीतली पेरणी इतकी वर्षं थोरलीच्या हातची. तिची रीत साधी: बी कोमट पाण्यात भिजवायचं आणि वाट बघायची. मग शेतकी शिकलेली धाकटी जाऊ घरात आली. संप्रेरकाच्या पाण्यात भिजवलं की मिरचीचं बी गारठ्यातही लवकर उगवतं, असं तिचं म्हणणं.

सासरे म्हणाले, "दोघी एकेक ट्रे लावा. जिचा आधी उगवेल, तिच्याकडे शेड."

झालं, थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. तिच्या कामाला सासऱ्यांनी कधी साधं "वा" म्हटलं नव्हतं, आणि या कालच्या पोरीचं बोलणं मात्र ते कान टवकारून ऐकत.

धाकटी बरणीत बी भिजत घालून घाईघाईने जेवायला गेली. थोरली मागे रेंगाळली. बरणीच्या तळाशी संप्रेरकाची पांढरी पूड तशीच बसलेली दिसली. शेजारी छाटणीची कात्री पुसायच्या स्पिरिटची बाटली होती. ज्याने रोगजंतू मरतात त्याने बी कसलं वाचतंय, असा तिचा हिशेब. तिने बूचभर स्पिरिट ओतलं. मन भरेना, म्हणून आणखी एक बूच. बरणी हलवून जागच्या जागी ठेवली आणि घरी जाऊन धाकटीला आग्रह करकरून वाढलं.

पुढे थोरलीच्या ट्रेत नुसती माती दिसत होती, तेव्हा धाकटीच्या ट्रेत हिरवे कोंब वर आले. थोरलीने कमरेची किल्ली सोडली.

"थांबा, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "बाबा, हे यांच्यामुळे झालं. ती पूड नुसत्या पाण्यात विरघळत नाही, आधी थोडं स्पिरिट लागतं. मी विसरले होते. जेवून आले तर पाणी नितळ आणि बरणीला स्पिरिटचा वास. शेडमध्ये दुसरं होतं कोण? चढाओढ असून यांनी मला सांभाळून घेतलं, आणि वर कुणाला बोलल्यासुद्धा नाहीत."

सासरे थोरलीकडे बघतच राहिले. "वा, सूनबाई," ते म्हणाले. "किल्ली तुझ्याकडेच राहू दे."

थोरलीने किल्ली कमरेला खोचली. धाकटीचा इतका राग तिला आजवर कधीच आला नव्हता.