टेबलाच्या अलीकडची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो. उभे का? बसा की! भिऊ नका, मी कुरकुरत नाही. ती खोड हल्लीच्या खुर्च्यांना असते.

लाकडी सामान बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात, टेबलाच्या अलीकडे माझी जागा आहे. पलीकडे मालकीणबाईंची गरगर फिरणारी, गादीची खुर्ची आहे. तिच्यावर बसणारा प्रश्न विचारतो आणि माझ्यावर बसणारा उत्तरे देतो. काम मागायला आलेला प्रत्येक जण आधी माझ्यावर टेकतो. त्याचे पाय थरथरत असतात, पण ते टेबलापलीकडून दिसत नाहीत. मला मात्र लगेच कळते.

माझा जन्म तुरुंगात झाला. दचकलात ना? सगळेच दचकतात.

तुरुंगाच्या आत एक सुतारशाळा होती. लांबलचक खोली, उंचावर जाळीच्या खिडक्या आणि जमिनीवर पाय बुडेल एवढा भुसा. एका भिंतीवर प्रत्येक हत्याराचा आकार काळ्या रंगाने काढलेला होता. इथे रंधा, इथे करवत, इथे पटाशी. संध्याकाळी काम सुटले की ज्याचे त्याने हत्यार आपापल्या आकारावर टांगायचे आणि भिंतीपुढे रांगेत उभे राहून दोन्ही तळहात पुढे पसरायचे. पहारेकरी आधी भिंत बघायचा, मग हात बघायचा आणि मान हलवायचा. त्याने मान हलवेपर्यंत कुणी जागचे हलायचे नाही, असा नियमच होता.

मला घडवणाऱ्याला तिथे सगळे 'सावकाश' म्हणत. कारण शेजारचा कैदी घाई करू लागला की तो म्हणायचा, "सावकाश. लाकूड कुठे पळून जातंय?" आणि शेजारचा म्हणायचा, "आपण तरी कुठे पळून जातोय!" मग सगळी खोली हसायची. तेवढेच काय ते हसू त्या खोलीत असे.

सावकाशने माझा एकेक सांधा असा बसवला की मधून कागद जाऊ नये. खिळा एकही नाही. सांध्यात तो लाकडी पाचर ठोकायचा. डाव्या मागच्या पायात त्याने दोन पाचरी घातल्या, एक उभी आणि एक आडवी. तसे करायची गरज नव्हती. पण तो मला हळूच म्हणाला, "असू दे. कुठे भेटलीस तर ओळखता येईल." मग बैठकीखाली तुरुंगाचा शिक्का तापवून डागला गेला. तो माणूस माझ्यावर एकदाही बसला नाही. कैद्यांनी बनवलेल्या खुर्च्यांवर कैद्यांनी बसायचे नसते. गाडीत चढवताना त्याने माझ्या पाठीवर थोपटले, आणि दार बंद झाले.

तुरुंगाच्या विक्रीच्या दुकानातून मला एका म्हाताऱ्या कारखानदाराने विकत घेतले. ते मालकीणबाईंचे सासरे. त्यांनी मला ऑफिसात ठेवले आणि नव्या कारागिराला ते एकच गोष्ट सांगत, "काम असं पाहिजे, या खुर्चीसारखं." माझी केवढी वाहवा झाली! गिऱ्हाइके यायची, मला हलवून बघायची, माना डोलवायची. पण खरे सांगू? मला करमत नसे. माझ्यावर शेकडो माणसे बसली, पण माझ्यासाठी कुणीच आले नव्हते. दाराची कडी वाजली की वाटायचे, तो असेल. तो कधीच नसायचा. पुढे म्हातारे मालक वारले, सूनबाई कारभार बघू लागल्या, आणि माझे वाट बघणे तसेच चालू राहिले.

मग एका सकाळी कडी वाजली.

आत आलेल्या माणसाचे कानांवरचे केस पिकले होते. अंगातला सदरा धुवून धुवून विटला होता, पण इस्त्री कडक होती. तो माझ्यावर बसला आणि त्याचा डावा हात आपोआप माझ्या बैठकीखाली गेला. सुतारांना ती खोडच असते. बोटे मागच्या पायाच्या सांध्यापाशी पोचली आणि थांबली. उभी पाचर, आडवी पाचर.

तेवढ्यात मालकीणबाईंचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत बाहेर गेल्या. तो वाकून कुजबुजला, "अगं, तू इथे होय! तुझं बरं झालं." मग जरा वेळाने म्हणाला, "मी ताईकडे असतो. भाऊजी काही बोलत नाहीत. पण ताई ताट वाढते ना, आवाज न करता वाढते. भाऊजींना ऐकू जाऊ नये म्हणून. एवढं काम मिळू दे, मग वेगळी खोली घेईन."

मालकीणबाई परत आल्या.

"हं. सुतारकाम येतं म्हणता?"

"येतं, बाई."

"येतं म्हणणारे ढीगभर येतात हो. मागे एकाने केलेल्या स्टुलावर मी बसले, तर स्टूलपण बसलं! मला काम कसं पाहिजे सांगू? तुम्ही बसलाय ना, त्या खुर्चीसारखं. मामंजींनी आणलेली आहे. इतकी वर्षं झाली, एक सांधा हलला नाही."

त्याचे बोट पुन्हा त्या दोन पाचरींवर फिरले.

"तुमच्या कामाचा काही नमुना? फोटो वगैरे? आधी कुठे होता?"

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असते तर! 'गावाकडे होतो' असे सांगून तो वेळ मारून नेऊ शकला असता. बरेच जण तसे सांगतात, कारण खरे सांगितले की काय होते ते त्यांनी बघितलेले असते. त्याने माझी कड घट्ट धरली.

"नमुना इथेच आहे, बाई. ही खुर्ची मी केलीय."

"काहीतरीच काय!"

"डाव्या मागच्या पायात दोन पाचरी आहेत, एक उभी, एक आडवी. आणि खाली शिक्का आहे. बघा उलटी करून."

त्याने मला उचलून टेबलावर पालथे घातले. चारी पाय वर करून मी पडून राहिले, आणि मालकीणबाईंनी चष्मा लावून शिक्का वाचला. पुन्हा एकदा वाचला.

"तुरुंगातला?"

"हो. तरुणपणी भांडणात रागाच्या भरात एकाला दांडा मारला. तो वाचला, पण त्याचा एक कान गेला. मी शिक्षा पुरी भोगून आलोय. चूक माझीच होती."

मालकीणबाई काही दुष्ट नाहीत. त्यांचा आवाज उलट मऊच झाला. "मी तुम्हाला वाईट म्हणत नाही हो. पण इथे बाया कामाला आहेत. हातात धारदार हत्यारं असतात. उद्या काही कमीजास्त झालं, तर लोक मलाच विचारतील. बघते. कळवते."

'कळवते' म्हणजे काय, ते माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार! त्यालाही ते कळले. त्याने मला सरळ केले, बाहीने माझी पाठ पुसली, आणि जायला निघताना टेबलापुढे उभा राहून दोन्ही तळहात पुढे पसरले.

"आता काय?" मालकीणबाईंनी विचारले.

तो भानावर आला. हात पटकन खिशात घातले. "काही नाही, बाई. सवय." आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी मला मागच्या बोळात ठेवायला सांगितले. माझ्या जागी प्लास्टिकची खुर्ची आली. आदल्या सकाळपर्यंत मी कारखान्याची शान होते. रात्रीत माझा एकही सांधा ढिला झाला नव्हता. फक्त शिक्का वाचला गेला होता. बोळात पॉलिशचे डबे, मोडक्या चौकटी आणि एक केरसुणी एवढीच मला सोबत. तिथे मी फार एकटी पडले, मित्रांनो. आणि तो याहून एकटा असेल, हा विचार मनातून जात नसे.

बोळात पॉलिशवाल्या काकू काम करत. दुपारी डबा खायला त्या माझ्यावर बसत. एकदा मालकीणबाई तिथे आल्या.

"काकू, त्या खुर्चीवर कशाला बसता? तुरुंगातली आहे ती."

"मग? ती काय कालपासून झाली? तुमच्या सासऱ्यांनी तिथूनच आणली होती. पॉलिश मीच करायचे. शिक्का घासू नका म्हणायचे, असू दे."

"मामंजींना माहीत होतं?" मालकीणबाईंनी विचारले. मग म्हणाल्या, "ती बनवणारा इथे आला होता. विचित्रच माणूस. जाताना हात पसरून उभा राहिला. मला वाटलं, पैसे मागतोय."

काकूंनी हातातला घास डब्यात ठेवला.

"पैसे नव्हता मागत तो. झडती देत होता. माझा भाऊ सुटून आला ना, तेव्हा घराबाहेर पडायचं म्हटलं की आईपुढे असाच उभा राहायचा. हात दाखवून. आई रडायची नुसती."

"तुमचा भाऊ? तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कशी बोलणार? मला तरी ठेवलं असतं का तुम्ही?"

मालकीणबाईंनी हळूच विचारले, "आता कुठे असतात ते?"

"कुणाला माहीत? कुणी काम देईना. एक दिवस गेला तो गेलाच." काकूंनी डबा मिटला. तो निम्मा तसाच राहिला होता.

त्याच संध्याकाळी मालकीणबाई स्वतः, त्याने दिलेल्या पत्त्यावर, त्याच्या ताईचे घर शोधत गेल्या. परत आल्या त्या थेट बोळात. "नाहीये तो तिथे," त्या काकूंना म्हणाल्या. "कुठे जातोय ते सांगितलंसुद्धा नाही. जाताना आपलं ताट घासून ठेवून गेला म्हणे. बैल गेला आणि झोपा केला, काकू. माझं हे असं झालं." काकू पॉलिशच्या डब्यांची झाकणे लावत राहिल्या.

मला पुन्हा ऑफिसात आणले गेले. आता कामाला येणाऱ्याला मालकीणबाई आधी लाकडाचे दोन तुकडे देतात आणि म्हणतात, "सांधा करून दाखवा. बाकीचं मग बोलू." बाकीचे त्या विचारतात. विचारायलाच हवे. पण आता उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतात.

असाच एक उंच, पाठीत वाकलेला कारागीर कामाला लागला. त्याचा मागचा सगळा इतिहास मालकीणबाईंना ठाऊक होता. पहिल्या संध्याकाळी त्याने हत्यारे ठेवली आणि ऑफिसच्या दारात तळहात पसरून उभा राहिला. तेवढ्यात काकू पॉलिशने माखलेले हात घेऊन पुढे आल्या. "हात कसले पसरतोस? दे टाळी!" आणि त्यांनी अशी सणसणीत टाळी दिली की तो हसला, मग त्याने तोंड फिरवले.

मला मात्र सावकाशचे हात आठवले. ते याच दारातून रिकामे गेले होते.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले काही जण टेबलाच्या पलीकडे, त्या गरगर फिरणाऱ्या खुर्चीवर बसतील. तेव्हा माझ्यासारखीला उलटी करून शिक्का जरूर वाचा. तो खरा आहे आणि मी तो लपवत नाही. पण आधी बसून बघा.

आणि कुठे काम संपल्यावर तळहात पसरून उभा राहिलेला पिकल्या केसांचा सुतार दिसला, तर त्याच्या हातावर टाळी द्या. त्याला सांगा, तुमची खुर्ची अजून टेबलाच्या अलीकडेच आहे, आणि कडी वाजली की ती दाराकडे बघते.