उजवीकडचं ताट

“दहा महिन्यांचं मूल आहे, बाई. दोन वर्षांची झाली की बघू,” म्हणत डॉक्टरांनी माझ्या सृष्टीची फाइल मिटली. मी ती परत उघडली.

“झेंडूचं रोप सुकल्यावर पाणी घालू का मी? आत्ताच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी द्या.”

मखमलाबादेत आमचा फुलांचा मळा. मळ्यातल्या बाईची जीभ किती तिखट असते, हे त्यांना त्या दिवशी कळलं असेल.

संशय मला उष्टावणालाच आला होता. पोरीपुढं ताट ठेवलं, त्यात पेन, पुस्तक, अंगठी, झेंडूचं फूल. तिनं डाव्या हातानं फूल उचललं आणि माझ्या सासूबाई, कुसाबाई, टाळ्याच पिटायला लागल्या. “आज्यावर गेली गं! डावखुरी हाय!”

मी ताट उजवीकडं सरकवलं. पोर सगळी वळली, पण हात पुन्हा डावाच आला. उजवी मूठ अंगठा आत घेऊन गच्च मिटलेली. सगळे पेढे खात होते आणि मी ती मूठ उघडून बघत होते.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर हर्षाली मॅडमनी घाई केली नाही. बाळंतपणाची हकीकत विचारली, हातपाय वाकवून पाहिले, मग सृष्टीला कमरेला धरून टेबलाकडं झटकन झुकवलं. पडतोय असं वाटलं की या वयाचं मूल दोन्ही हात पुढं टाकतं. सृष्टीचा एकच आला.

“वर्षाच्या आत मूल डावखुरं ठरत नसतं, ताई. तुम्ही बरोबर पाहिलंत,” त्या म्हणाल्या. मेंदूचा एमआरआय झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. “सेरेब्रल पाल्सी आहे. उजव्या बाजूची.”

“लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. नाव कळलं की भांडता येतं.”

बाहेर येऊन मात्र मी ढसाढसा रडले.

रोज थोडा वेळ डावा हात कापडी पिशवीत ठेवायचा, म्हणजे उजव्याला काम करावं लागेल, असं मॅडमनी सांगितलं होतं. सासूबाई भडकल्या. “चांगला हात बांधती? आई हायेस का वैरीण?”

“आई हाय म्हणूनच!” मीही ओरडले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याची मऊ पिशवी शिवून आणली. नातीच्या डाव्या हातावर स्वतःच चढवली आणि पुढं फुलांचं ताट मांडलं. सृष्टी रडली, चिडली, उजवी मूठ ताटावर आपटली. फुलं ओटाभर सांडली.

कुसाबाईंनी एकेक फूल वेचलं, ताट भरलं आणि पुन्हा उजवीकडंच ठेवलं.