वाट्यानं दिलेल्या शेळ्या

"मॅडम आल्या की तू तोंड उघडायचं नाहीस," मी आत्याला बजावलं. "शिंक आली तरी गिळायची."

"शिंक गिळतात होय गं, दीडशहाणे?"

"गिळतात. आजपासून गिळतात."

अंगण झाडता झाडता मी हे बोलत होते खरी, पण भीतीनं झाडलेलंच पुन्हा झाडत होते. ऊन असं की माती तव्यासारखी तापलेली.

भीती कसली ते सांगते. आत्याचा खुबा झिजलाय. आधी ती लोकांच्या रानात निंदायला जायची, आता काठीशिवाय उठवत नाही. म्हणून सरकार तिला दर महिन्याला आधाराचे पैसे देतं. आम्हा दोघींचं पीठमीठ आणि तिची औषधं त्यातच. पण अट आहे. ज्याच्या गाठीला ठराविक रकमेपेक्षा जास्त असेल, त्याचे पैसे बंद. हेच तपासायला आज सरकारी मॅडम घरी येणार होत्या. आणि आत्यानं तर पोटाला चिमटा काढकाढून खुब्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेले! "नवा खुबा बसला की जाते रानात, मग कुणाच्या आधाराची गरज नाही," असं ती म्हणायची.

गेल्या वर्षी तिला ही अट कळली. तिनं बँकेतले सगळे पैसे काढले आणि शेळ्या घेतल्या. त्या गल्लीत वाट्यानं पाळायला दिल्या. म्हणजे चारायचं त्यांनी, आणि पिल्लं होतील ती निम्मी निम्मी. "बँकेतलं दिसतं," आत्या म्हणाली होती, "दुसऱ्याच्या दावणीची शेळी कोण मोजतंय?"

एवढी हुशारी केली, पण एक गोष्ट विसरली. बँकेतला पैसा गप्प पडून राहतो. शेळ्या व्यायल्या, आणि तीही जुळी! शिवाय वाट्यानं देण्याआधी आत्यानं एकेकीला महिनाभर हातानं भाकरी भरवलेली. तिचा आवाज कानावर पडला की त्या दावं तोडून येतात. म्हणून आज आत्या मुकी.

मॅडम आल्या. धुळीनं भरलेल्या चपला, हातात छत्री. बाजेवर बसून त्यांनी विचारायला सुरुवात केली. घरात कोण कोण? शेती आहे? दागिना? मी पोपटासारखी उत्तरं देत सुटले. शाळेत वक्तृत्वात पहिली आलेय मी.

"यांना बोलता येत नाही का?"

"घसा बसलाय," मी म्हणाले. आत्यानं डोळे वटारले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शिंपीणकाकू ओरडली, "काही काळजी करू नकोस गं! आमच्याकडची मी आत कोंडलीय!"

"काय कोंडलंय?" मॅडमनी विचारलं.

"सासू," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

मॅडमनी कुंपणाकडे एक नजर टाकली. मग सावलीत बसावं म्हणून त्या भिंतीजवळच्या स्टुलाकडे वळल्या. त्या स्टुलाचा पाय मोडका. आत्याला राहवलं नाही.

"अगं बाई, तिथं नको बसूस, पडशील!"

झालं. कुठून तरी दाणकन दार उघडल्याचा आवाज आला. काळी आली, कुंपणावरून उडी मारून पांढरी आली, कोंडलेली तर खुंट्यासकट आली, आणि मागून सगळं लेकुरवाळं लटांबर. एकीनं आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं, एक बाजेवर चढली. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

"घसा सुटला वाटतं," मॅडम म्हणाल्या. "कुणाच्या या?"

मी 'गल्लीच्या' म्हणणारच होते.

"माझ्या," आत्या म्हणाली. "सगळ्या माझ्या. पोरीला बोलू नका, खोटं मीच शिकवलंय."

ते खोटं माझं होतं, आणि तिनं ते बिनबोभाट स्वतःच्या अंगावर घेतलं.

"मावशी, दुसऱ्याच्या दावणीला असल्या तरी तुमच्याच नावावर धरतात. लपवल्या तर आणखी वाईट."

"म्हणजे पैसे बंद?" मी विचारलं. आवाज करडासारखा निघाला.

"एवढ्या शेळ्या कशासाठी जमवल्या?" मॅडमनी आत्याला विचारलं. आत्यानं काठीनं खुबा दाखवला. "ऑपरेशनला." मॅडमनी हातातली छत्री खाली ठेवली.

"उपचारासाठी भरलेला पैसा आम्ही धरत नाही. शेळ्या विका, दवाखान्यात पैसे भरा, तारीख घ्या आणि पावती मला आणून द्या. महिनाअखेरपर्यंत थांबते."

मी टुणकन उडीच मारली! मॅडमना वेशीपर्यंत सोडून धावत परत आले, तर आत्या पांढरीफटक.

"करडं जरा मोठी होऊ देत," ती म्हणाली. "अजून थोडे जमू देत."

"अजून किती?" शिंपीणकाकू कुंपणावरून म्हणाली. "शेळ्या घेतल्यास तेव्हाच पुरत होते की ते. डॉक्टरनं माझ्यासमोर सांगितलं होतं."

मी आत्याकडे बघितलं. तिनं मान खाली घातली.

"झोपवतात गं," ती हळूच म्हणाली. "झोपवून कापतात. माझी आई अशीच झोपली, ती उठलीच नाही."

म्हणजे मॅडमची भीती फक्त मलाच होती. आत्या वर्षभर दुसऱ्याच गोष्टीला भीत होती आणि साठवण्याच्या आड लपत होती. आता मलाही तीच भीती वाटायला लागली होती. मी नुसती तिच्या शेजारी जाऊन बसले. तिचा हात मी हातात घेतला.

ऊन कलेपर्यंत आम्ही तशाच बसून होतो. मग आत्यानं काठी टेकली आणि ती उठली.

"तारीख तुझ्या सुट्टीतली घे," ती म्हणाली. "माझ्यापायी शाळा बुडवायची नाही."