दारातलं माप

आमच्या ह्यांना चाळिशी लागली तेव्हा त्यांनी ती कुणालाच सांगितली नाही. चष्म्याला तेलाचे हात लागतात, तो दुकानात टिकत नाही, हे त्यांचं कारण. खरं कारण मिजास. हे म्हणजे, नाव घ्यायचं तर, पुंडलिकराव. कारंजा घाडगेला हायवेवर त्यांचं बोअरिंगचं दुकान. ट्रकची, ट्रॅक्टरची झिजलेली सिलिंडरं तिथे आतून कातून पुन्हा गोल करून मिळत. असा माणूस चष्मा शोधत माप बघतो म्हटलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? म्हणून त्र्याण्णव साली त्यांनी मला दुकानात बोलावलं. मी दहावी पास होते आणि माझी नजर घारीची.

मापायची रीत अशी. कॅलिपरचे दोन पाय हे सिलिंडरच्या आत घालत, हलकेच डोलवत, आणि पाय भिंतींना जेमतेम टेकले की थांबत. मग तो कॅलिपर न हलवता दारात, उजेडात आणत. मी त्या पायांवर बाहेरून मायक्रोमीटर फिरवत आणायची आणि आकडा वाचायची. वाटतं तेवढं हे सोपं नाही. त्यांचा हात आत जेवढा टेकला तेवढाच माझा बाहेर टेकायला हवा. जरा जास्त आवळलं की माप बिघडलंच. पहिले सहा महिने मी नुसती बोलणी खाल्ली. मग कधीतरी आमचे हात जुळले.

घरात सासू, दीर, पोरगा. तिथे आम्ही एकमेकांकडे धड पाहिलंही नसेल. पण दुकानाच्या दारात दिवसातून दहा वेळा आमची डोकी एकमेकांना लागत आणि दोघांचाही श्वास थांबलेला असे. अकरा वर्षं. मला ते फार आवडायचं, आणि आज सांगायला मला लाज वाटत नाही.

दोन हजार चारमध्ये आमचा निकेश आयटीआय करून आला आणि नागपूरहून डायलगेज घेऊन आला. लांब दांडी, वर काट्याची तबकडी. त्याने एकाच सिलिंडरवर मापायच्या तीन रीती करून दाखवल्या. व्हर्नियर, म्हणजे सरकत्या जबड्याची मोजपट्टी, तोंडाशीच अडकला, खालची झीज त्याला कळेना. आमच्या कॅलिपरने खालचंही माप दिलं, पण एकेका जागेचं, आणि प्रत्येक जागेसाठी दारापर्यंत एक खेप. डायलगेज मात्र एका दमात वरून खाली गेलं आणि पोट कुठे किती सुटलंय ते काट्याने दाखवून दिलं. आम्ही दोनदा मापलं तर दोन आकडे आले. त्याने चारदा मापलं, चारही वेळा तोच आकडा. मी भांडखोर आहे, पण आंधळी नाही. गेज चांगलंच होतं. आणि तबकडी एवढी मोठी की ह्यांनाही चष्म्याशिवाय दिसत होतं.

"आई, आता तुले उन्हातान्हात दुकानात याची गरज नाई," निकेश म्हणाला. प्रेमानेच म्हणाला मेला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे फडक्याला हात पुसत राहिले.

मग मी घरी. दोन महिने. अकरा वाजले, पहिल्या मापाची वेळ झाली, की माझे हात आपोआप थांबायचे. हायवेवरून ट्रकचा आवाज आला की वाटायचं, हा आपल्याकडेच वळला असेल, आता मशीन थांबली असेल, आता हे दाराकडे निघाले असते. त्यांच्या त्या चार पावलांची मला इतकी आठवण यायची की वरणात दोनदा मीठ पडलं.

एका मंगळवारी निकेश पिस्टनच्या रिंगा आणायला नागपूरला गेला आणि ह्यांचा निरोप आला, दुकानात येजो. ते गेज आपल्या आपण माप सांगत नाही. आधी मायक्रोमीटरवर नेमकं माप लावून, त्यात गेज धरून काटा शून्यावर आणावा लागतो. तो बारीक आकडा एरवी निकेश लावायचा, ह्यांना कुठला दिसायला! मी मायक्रोमीटर लावला आणि घट्ट धरला. ह्यांनी त्यात गेज डोलवलं, तबकडी फिरवली. झालं. मिनिटभराचं काम. मी पदर खोचला आणि निघाले.

"थांब," हे म्हणाले. "गरमीनं काटा हलते. घंट्याभरानं पुन्हा पाहा लागते."

थांबले. तासाभराने पाहिलं, काटा जागेवर. "अजून घंटाभर पाहू," हे म्हणाले. पुन्हा जागेवर. तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं.

"हा काटा काही हलून नाई राह्यला. मले घरी भाकरी टाकाच्या आहेत. काऊन बसवून ठेवलं मले?"

हे तबकडीकडेच पाहत होते. "नाई हलत, मले मालूम आहे," म्हणाले. मग तबकडीची काच फडक्याने पुसत, "तू नसली तं मले इथं करमत नाई."

"मंग दोन महिने तोंडाले कुलूप लावलं होतं का?" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या चहाटपरीवरची माणसं वळून पाहायला लागली. आणि तिथेच, सगळ्यांदेखत, मला रडू फुटलं.

संध्याकाळी निकेश आला. त्याला आम्ही कोणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा मात्र मी तिघांचा भरला.