मागांच्या खडखडाटातले बोलणे

ज्वारीच्या भाकरीचा डबा, झाकणाला रबर.

खिडकीशी सहा वर्षांची आचल. ओठ हलतात, आवाज नाही.

शोभाबाई नवऱ्याच्या, रूपरावांच्या, कायम डाव्या हाताला चालतात.

हिंगणघाटच्या बंद गिरणीचे फाटक. त्यावर चढलेला रानवेल.

त्या फाटकाशीच सकाळी जुन्या सोबत्याने हटकले होते, "पन्नाशीत शाळेत नाव टाकलं का गा, रूपराव?"

रूपराव हसून पुढे गेले. सव्वीस वर्षे त्या गिरणीच्या विणाई खात्यात माग चालवलेला हा माणूस आता कर्णबधिर मुलांच्या वसतिगृहात मदतनीस होता. महिनाभर बघू, मग ठरवू, असे वसतिगृह चालवणाऱ्या रीता मॅडमनी बजावले होते. आज तिसावा दिवस. मॅडमना खुणांची भाषा येणारा माणूस हवा होता, आणि रूपरावांची गाडी चाळीस खुणांवर अडली होती.

आचल परवाच आली होती. गेल्या वर्षी तापात तिचे कान गेले. आपल्यालाच ऐकू येत नाही म्हणून तिने आवाजही टाकून दिला. खुणा येत नव्हत्या, अक्षरे येत नव्हती. दोन दिवस ताटाला हात नाही. मुलांनी मोठ्यांचे ओठ कसे वाचायचे ते इथे शिकवत. मुलांचे ओठ वाचायची वेळ कुणावर आली नव्हती.

रूपराव आपला डबा हातात घेऊन तिच्यापाशी थबकले. मागांच्या खडखडाटात कोण कुणाला हाक मारणार? सारे खाते ओठांवर बोलायचे. आणि हे ओठ तर रोहणा गावाकडचे, ओळखीच्या बोलीचे.

आचलचे ओठ विचारत होते, माय काऊन नाई येऊन राह्यली?

ते तिच्यासमोर मांडी घालून बसले. आवाज न काढता, सावकाश ओठ हलवले. शनवारी येते. सगळ्याइच्या माया येतात. तू आधी जेव.

आचल त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने डब्यातली भाकर मोडली.

दारात मॅडम उभ्या होत्या. "काका, हे कुठं शिकलात?"

"कामावर." रूपरावांनी मान वळवून डावा कान पुढे केला.

"सोमवारपासून आमच्या शिक्षकांना शिकवाल?"

"शिकवतो ना. पन बाकीच्या खुना तुमी मले शिकवा."

गिरणीच्या डॉक्टरांनी उजवा कान गेल्याचे सांगितले, तेव्हा रूपराव चौतीस वर्षांचे होते.