चहाचा बंब आणि गुलाबी चिठ्ठ्या

आमच्या नव्या पाळकबाई गिलियन यांच्याकडे सहा चर्चेस आहेत, आणि त्या सहांत आमचं सगळ्यात लहान. मंडळी अकरा. त्यातला क्लिफर्ड रेस्ट्रिक उपासनेत निम्मा वेळ झोपलेला असतो, म्हणून मी साडेदहा धरते.

पुढच्या पाच वर्षांत काय बदलायचं ते प्रत्येक चर्चने ठरवावं, असं वरून पत्र आलं. पाळकबाई म्हणाल्या, "मी एकटी ठरवणार नाही. ज्याने त्याने या गुलाबी चिठ्ठीवर लिहायचं. नाव घालायचं नाही. म्हणजे कोणाला संकोच नको."

बाई शहरातून आलेल्या, त्यांना काय ठाऊक! फुलं कोणी कधी आणायची याची यादी आमच्या दाराशी लटकते, आणि त्यात जो तो आपल्या हाताने नाव लिहितो. तीस वर्षं ते वाचतोय आम्ही. कोणाचं अक्षर कोणतं, हे लांबूनसुद्धा ओळखू येतं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर बाई एकेक चिठ्ठी वाचून भिंतीवर चिकटवू लागल्या. "गीतं जरा वेगात वाजवावीत," अशी पहिली निघाली. ऑर्गन वाजवणाऱ्या हिल्डाने मान वळवून थेट विनी शार्पकडे पाहिलं.

"मी कशाला लिहीन?" विनी म्हणाली.

"अक्षर तुझं आहे म्हणून," हिल्डा म्हणाली, आणि तिने ऑर्गनचं झाकण आपटलं.

दुसरी होती, "काहीही बदलू नये." खाली पत्ता आणि सही, क्लिफर्ड रेस्ट्रिक.

"अहो, नाव घालायचं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"निनावी पत्र मी जन्मात लिहिलेलं नाही," क्लिफर्ड म्हणाला. "ते भित्र्यांचं काम."

मी हसत होते. तेवढ्यात बाईंनी पुढची चिठ्ठी उचलली. "चहाचं काम मेव्हिसकडून काढून घ्यावं."

मेव्हिस म्हणजे मी.

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. चिठ्ठी जांभळ्या शाईने लिहिलेली. आमच्यात जांभळी शाई एकट्या एनिड लमलीची. एनिड माझी शाळेपासूनची मैत्रीण, दर रविवारी माझ्या शेजारी बसणारी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझा नवरा हॅरल्ड गेला त्याच्या पुढच्या रविवारपासून, सत्तावीस वर्षं, मी तो चहा करते आहे. त्या वेळी मला हातांना काहीतरी काम हवं होतं. ते काम गेलं तर रविवारी मी तिथे जायचं तरी कशाला?

"मला काय!" मी म्हटलं. "करा कोणीही. बंबाची कळ डावीकडे ढकलावी लागते, नाहीतर झटका बसतो. शिकाल."

आठवडाभर मी एनिडचा फोन उचलला नाही. तिने दाराशी ठेवलेला आल्याचा केक मात्र आत घेतला. केकचा काय दोष?

रविवारी स्वयंपाकघराची किल्ली पर्समध्ये घालून गेले. उपासना संपली की बाईंच्या हातात द्यायची आणि घरी यायचं. एनिडशेजारी बसले, पण तिच्याकडे बघितलं नाही. शेवटचं गीत सुरू झालं. दुसरं कडवं आलं आणि माझे पाय सवयीने उठले. बंबाला उकळायला दहा मिनिटं लागतात. दुसऱ्या कडव्याला कळ दाबली, तरच उपासनेनंतर चहा वेळेवर मिळतो.

एनिडने माझी बाही धरली.

"थांब इथेच."

"सोड. बंब लावायचाय."

"उकळेल तुझा बंब. मेव्हिस, या सत्तावीस वर्षांत तू शेवटचा आशीर्वाद एकदा तरी ऐकलायस का गं?"

ऐकला नव्हता. बंबाच्या घुरघुरीत काही ऐकूच येत नाही.

"आणि दर रविवारी तो मी एकटीने घेते," ती म्हणाली. "शेजारी तुझी नुसती पर्स. मला नाही आवडत."

"मग तसं लिहायचं होतंस ना, बये!"

"चिठ्ठी केवढीशी होती!"

हिल्डा, विनीच्या नाकावर टिच्चून, गीत आणखीच सावकाश वाजवत होती, म्हणून आमचं भांडण त्यातच आटपलं. मग पाळकबाईंनी हात वर केला. आशीर्वाद दोनच ओळींचा निघाला. मला वाटायचं बराच मोठा असेल. मी रडले, सगळ्यांदेखत, आणि क्लिफर्डने झोपेतून उठून विचारलं, कोण गेलं म्हणून.

त्या दिवशी बंब गार होता. दहा मिनिटं अकराही जण रिकामे कप घेऊन बसले, पण घरी कोणीच गेलं नाही. विनीने हिल्डाला नातीच्या बाळाचा फोटो दाखवला.

आमच्या योजनेचा कागद वर गेला, त्यात बदल एकच होता: बंब आशीर्वादानंतर लावावा, मेव्हिसनेच. दहा बाजूने. एक विरुद्ध, सहीसकट.

एनिड मात्र अजून, दुसरं कडवं आलं की माझी बाही धरते. तुझा भरवसा नाही, म्हणते.